पांढऱ्या वाट्या

हरणाबाईचा नवरा मानसिंग इटलीत लढाईवर होता. पाटणजवळच्या त्या गावात घरी ती आणि सासू धोंडुबाई, दोघीच. मानसिंगची खुशाली कळून पावसाळा उलटला होता. अशात एका सकाळी मावसदीर कृष्णात भेटायला आला. तो लष्करी इस्पितळात कामाला होता आणि फुटक्या थर्मामीटरांतला पारा त्यानं बाटलीत साठवला होता. गंमत म्हणून त्यानं तो ताटात ओतला.

"धातूच हाय वयनी, लोखंडासारखा. पर ह्याचं कण एकमेकाला सैल धरत्यात, म्हणून पातळ ऱ्हातो."

हरणाबाई वाकून बोटानं थेंब पळवत बसली. थेंब फुटायचे, जवळ आले की गपकन एक व्हायचे. मंगळसूत्र ताटात लोंबतंय याचं तिला भानच नव्हतं. दुपारच्या मोटारीनं कृष्णात साताऱ्याला निघून गेला.

तिन्हीसांजेला हरणाबाई भाकरी थापत असताना सासूची नजर तिच्या गळ्यावर गेली आणि तिथंच थिजली. सोन्याच्या वाट्या पांढऱ्या पडल्या होत्या. प्रेताच्या नखांसारख्या.

हरणाबाईनं चिंच लावली, राख लावली. पांढरं हटेना. दुसऱ्या दिवशी शेजारचे सोन्याचे मणीही पांढरे दिसू लागले. काहीतरी आतल्या आत वर चढत होतं. वाटीची कड चिमटीत धरली तर शिळ्या भाकरीसारखा तुकडा मोडून हातात आला.

धोंडुबाई रडली नाही. तिनं मानसिंगचं घोंगडं घडी करून माळ्यावर टाकलं आणि अंगणात कावळ्याला घास ठेवला.

"आत्याबाई, आवं ह्ये काय करताय?"

"माजा ल्योक गेला. सोन्याला कळलं, तुला कळंना व्हय?"

हरणाबाई तशीच उठून पाटणला नानासो सोनाराकडं गेली. वाट्या बघताच त्यानं विचारलं, "पारा लागला काय?" तिनं होकारार्थी मान हलवली.

"सोनं दिसलं की पारा आत शिरतो, कणाकणाला धरून बसतो. जाळ दिला तरच सोडंल. तू लांब हो बाई, वाफ वंगाळ असती."

परसात निखाऱ्यावर वाट्या तापल्या. सोनारानं वर लोखंडी पत्रा धरला. धूर दिसला नाही, वास आला नाही. पण थंड पत्र्याच्या खालच्या अंगाला बारीक रुपेरी थेंब फुटले, घाम फुटावा तसे. मग निखाऱ्यातून पिवळा रंग वर आला. सोनं परतलं होतं, पण देवीचे व्रण असावेत तसं खड्ड्याखड्ड्यांचं.

घरी येऊन तिनं ते सासूला दाखवलं. सोनाराचं बोलणंही सांगितलं.

"मुडद्याला हळद लावली म्हणून त्यो जित्ता हुतो व्हय?" म्हातारीनं तोंड फिरवलं.

लढाई संपल्यावर मानसिंग आला. धडधाकट, रापलेला, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. तो पाया पडायला वाकला तशी धोंडुबाईनं पाय आखडून घेतले.

"आये, म्या हाय."

तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून न्याहाळलं. भुवईवरची लहानपणीची खोक चाचपली. मग सुनेकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, "हाय, अगदी त्याच्यासारखाच हाय."

मरेपर्यंत तिनं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. मानसिंगही हळूहळू कमी बोलू लागला. शेतावरून येऊन तो दाराबाहेरून हाक मारायचा. आवाज ओळखीचाच असायचा. तरी कडीवर हरणाबाईचा हात क्षणभर अडायचा, आणि ती विचारायची, "कोन हाय?"