चिलारवाडीची बावीस पावलं

रविवार, २० एप्रिल २०२५. सकाळचे साडेसात. आकाश निरभ्र, वारा पश्चिमेचा, जमीन आत्ताच तापू लागलेली.

मी मोजणीची टेप बोलतेय. तारीख आणि हवामान आधी सांगायची सवय मला सावळारामची लागली. तो वहीचं पान असंच सुरू करतो.

मी शंभर फुटांची आहे. अंग कापडाचं, त्यात तांब्याच्या बारीक तारा विणलेल्या. फुटांचे आकडे तांबडे, इंचांचे काळे. राहायला चामड्याची गोल डबी आणि मला गुंडाळायला तिच्यावर पितळी मूठ. दौंडच्या रेल्वेत मी रुळांशेजारची खडी मोजली, रुळांखालच्या मोऱ्या मोजल्या, क्वार्टर्सच्या भिंती मोजल्या. मग मीटरचं माप आलं. साहेबांनी नवी टेप मागवली आणि मला खणात टाकलं. त्या खणात मी किती वर्षं होते, ते मोजायला माझ्याजवळ साधन नव्हतं.

खण रिकामे करून भंगार काढलं, तेव्हा सावळारामनं मला मागून घेतलं. तो रुळांच्या गँगवर कामाला. शिक्षण सातवीपर्यंत, वय आता बावन्न. त्याला एकच नाद: उठून गेलेल्या वस्त्या शोधायच्या आणि मापं घेऊन वहीत उतरवायच्या. शिरूर-दौंडच्या कोरड्या माळांवर त्यानं अशा चौदा वस्त्या मोजल्या. लोक म्हणतात, तिथं भुतं असतात. आजवर एकही मापात आलं नाही.

या वस्त्यांत फिरून मला माणसांची एक रीत कळली. गाव सोडताना ती दारं नेतात, चौकटी नेतात, आढं आणि वासेही उतरवून नेतात. उंबऱ्याचा दगड, उखळ आणि जात्याची खालची तळी मात्र मागे ठेवतात. त्यामुळे घर गेलं तरी बाई कुठं बसून दळत होती, ते सांगता येतं.

त्या रविवारी आम्ही चिलारवाडीला गेलो. मेंढरं राखणाऱ्या नऊ घरांची ही वाडी. सत्तर वर्षांपूर्वी विहीर आटली आणि घरं एकेक करून उठली. आता तिथं जोत्यांचे दगड, पांढरी माती आणि वेडी बाभूळ. जमीन सत्यजीत नावाच्या शेतकऱ्याची, त्यानं ती गोदामवाल्या कंपनीला भाड्यानं दिलेली. तिथं गोदाम होणार होतं. सोमवारी सकाळी दहाला टेकाड सपाट करायला जेसीबी लागणार होता.

वाडीतल्या एका घराचा देव अजून तिथंच होता. त्या घरातला ज्योतिबा आता कारेगावला राहतो. दरवर्षी तो चिलारवाडीला येऊन बिरदेवाला नारळ फोडतो. देव न्यायचा तर आजच, नाहीतर मातीखाली जाणार. म्हणून त्यानं दौंडहून आपल्या आत्याला बोलावलं. धुरपदाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. चिलारवाडीत जन्मलेलं एवढंच माणूस आता हयात. त्या सावळारामच्या शेजारच्या, म्हणून तो त्यांच्याबरोबर आला आणि मी त्याच्या पिशवीत.

धुरपदाबाई काठी टेकत आपल्या घराच्या उंबऱ्याच्या दगडाशी आल्या. वाडी सोडल्यावर त्या इथं पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी दगडाला हात लावून नमस्कार केला. ज्योतिबा मात्र नेहमीसारखा उंबऱ्यापासून उगवतीकडे ढांगा टाकत निघाला. बावीस ढांगा मोजून एका शेंदरी दगडापाशी थांबला. सावळारामनं मला ताणलं. पंचावन्न फूट.

"ह्यो बघ आत्या, आपला बिरदेव."

धुरपदाबाई पोचल्या, वाकल्या. दगड पसरट होता आणि मधे खोलगट. त्यांनी खोलगटावरून बोट फिरवलं आणि त्या खाली बसून हसायलाच लागल्या.

"आरं ज्योतिबा, ह्यो मीठ टाकायचा दगड हाय! मेंढरं चाटायची ह्येला. चाटून चाटून खड्डा पडलाय, बघ की."

"आत्या, चाळीस वर्सं नारळ फोडतोय मी हितं."

"मग काय, मेंढरांचा आशीर्वाद घावला आसंल."

"हासू नको गं. आमच्या आबानंच दावलाय. तूच त्येला सांगितलं व्हतंस ना, उंबऱ्यापासनं बावीस पावलं?"

"सांगितलं व्हतं. तुझा बाप तवा झोळीत. त्येला वाडी कशी आठवंल? मी रोज दिवा न्यायचे देवाला. बावीसच व्हती."

ज्योतिबाचा चेहरा उतरला. "मंग देव गेला कुठं?"

सत्यजीत मोटारसायकलवर बसून बघत होता. म्हणाला, "ज्योतिबा, संध्याकाळी सहापर्यंत काय ते बघा. सकाळी मशिन थांबवणं माझ्या हातात नाही."

सावळाराम घाई करत नाही. त्यानं वही मिटली आणि विचारलं, "मावशी, दिवा नेत होता तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

धुरपदाबाईंनी जमिनीपासून कंबरेएवढा हात धरला. "एवढी. सात वर्सांची."

"मग ती बावीस पावलं कुणाची?"

ज्योतिबानं आपल्या पायांकडे पाहिलं.

"आयला," तो म्हणाला.

"माझीच की रं ती!" धुरपदाबाई काठी रोवून उठल्या. "चल, परत उंबऱ्याशी. आता गुडघ्यांनी मला पुन्हा तेवढीच करून ठेवलीया."

त्या चालल्या. एक, दोन, तीन, मोठ्यानं म्हणत. मी त्यांच्या शेजारून जमिनीवर उलगडत होते. बाविसाव्या पावलाला सावळारामनं माप वाचलं. सत्तावीस फूट आठ इंच.

तिथं वेडी बाभूळ होती. ज्योतिबानं ती तोडली आणि कुदळ घातली. एक फूट, दीड फूट, दोन फूट. पांढरी माती, राख, खापराचा तुकडा. खाली मुरूम लागला. देव नाही.

उन्हात थांबत थांबत खणता चार वाजले. ज्योतिबा खड्ड्याच्या काठावर बसला. "आत्या, माझ्या हयातीत देव हरवला, आसं म्हणतील लोकं."

"माझी दिशा चुकली आसंल. तवा समोर लिंब व्हता, आता कायच न्हाई."

"दिशा चुकली तरी अंतर चुकत नाही," सावळाराम म्हणाला. त्यानं माझ्या टोकाची कडी ज्योतिबाच्या हातात दिली. "ही उंबऱ्यावर दाबून धरा. सोडू नका."

मग तो मला ताणून धरून वळणानं चालू लागला, खुंट्याला बांधलेलं जनावर फिरतं तसा. चालता चालता पहार मारायचा आणि आवाज ऐकायचा. मी काट्यांतून, दगडांवरून घासत गेले. दक्षिणेकडे काही लागलं नाही. उत्तरेकडे वळल्यावर, पहिल्या खड्ड्यापासून सहा फुटांवर, पहार दगडावर वाजली.

ज्योतिबा माझी कडी टाकून धावला. पहार बाजूला ठेवून त्यानं हातांनीच उकरलं. फूटभर खाली तीन दगडांच्या आडोशात एक उभा गोटा होता. त्यावर माती घट्ट बसली होती. धुरपदाबाईंनी पदराचं टोक पाण्यात बुडवून ती पुसली. खालून काळपट शेंदूर निघाला.

त्यांनी गोट्यावर कपाळ टेकवलं. ज्योतिबानं टोपी काढली. सत्यजीत गाडीवरून उतरला आणि त्यानं पायातली चप्पल काढली.

थोड्या वेळानं ज्योतिबानं विचारलं, "आन् त्या दुसऱ्याचं काय करायचं? मिठाच्या?"

"त्येनं काय केलंय? चाळीस वर्सं तुझं ऐकून घेतलंय. उचल त्यालाबी."

तो दगड देव न्यायला आणलेल्या टेम्पोत चढवताना ज्योतिबाच्या हातून निसटला आणि जमिनीवर पसरलेल्या माझ्यावर धारेनं पडला. बेचाळिसाव्या फुटावर माझे दोन तुकडे झाले. सावळारामनं दोन्ही तुकडे गुंडाळले. तारा तुटल्यावर मला शिवता येत नाही. आता मी बेचाळीस फुटांची. उरलेले अठ्ठावन्न फूट त्याच्या ट्रंकेत आहेत.

माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसानं एखादी जागा पावलांत सांगितली, तर ती पावलं कुणाची आणि कोणत्या वयाची, एवढं त्यांच्या हयातीत विचारून घ्या. आकडा माझ्यापेक्षा जास्त टिकतो, पण एकटा आकडा घेऊन गेलात तर तो भलतीकडे नेतो.

सावळारामच्या वहीतलं त्या दिवसाचं पान असं संपतं:

देव सापडला. उंबऱ्यापासून अंतर अठ्ठावीस फूट तीन इंच. खोली एक फूट एक इंच. उंची नऊ इंच. शेंदराचा थर तीन सूत. पाच वाजून वीस मिनिटांनी टेम्पो कारेगावला निघाला.

आणि पुढचं पान: सोमवार, २१ एप्रिल. आकाश निरभ्र. सकाळी दहा वाजता काम सुरू. दुपारी अडीचपर्यंत चिलारवाडीची नऊही जोती सपाट.