भाजीचे पाणी

सुनेने पातेले कलंडवले आणि पालकाचे हिरवे, वाफाळते पाणी सिंकच्या जाळीतून गुडगुडत खाली गेले. तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. चष्म्याच्या काचांवर वाफ धरली, तरी त्यांनी तो पुसला नाही. जे पाहायचे ते पाहून झाले होते.

“गेलं सगळं सत्त्व गटारात,” ते म्हणाले.

“तात्या, आज पुन्हा नको,” सून म्हणाली. मागे वळून न पाहताच तिने पातेल्यात ताजे पाणी घेतले आणि ते परत गॅसवर चढवले.

“उरला चोथा. तो आता खायचा.”

“तुमची भाजी वेगळी परतली आहे. चोथा आईंसाठी आहे.”

आई म्हणजे तात्यांची पत्नी. पलीकडच्या खोलीत खिडकीशी लावलेल्या पलंगावर ती उशांना टेकून बसलेली असे. आधाराशिवाय तिला उभे राहता येत नव्हते. तिची मूत्रपिंडे दमली होती आणि रक्तातले पोटॅशियम चढत चालले होते. पुढच्या तपासणीपर्यंत ते उतरले नाही, तर रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. यंत्राच्या नुसत्या नावाने तिच्या तोंडचे पाणी पळत असे.

पथ्य समजावून घेण्यासाठी आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत सून बसली होती. तात्या तेव्हा बाहेर, लिफ्टच्या मोटारीला तेलपाणी होत नाही, हे लिफ्टमनला पटवून देत होते. भाज्या बारीक चिरायच्या, भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी टाकून द्यायचे आणि मगच शिजवायच्या, असे सुनेने घरी येऊन सांगितले. डॉक्टरांनी सांगितले असते, तर तात्यांनी दोन शंका विचारून ते मान्य केले असते. सुनेने सांगितले, म्हणून त्यांना शंका विचारण्याचीही गरज वाटली नाही.

कारण या घरात भाजीचे पाणी आजवर कोणी टाकले नव्हते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन तात्या एका कापडगिरणीच्या बॉयलरवर लागले आणि लग्न झाल्या झाल्या त्यांनी हा नियम घालून दिला. लोह, क्षार, जीवनसत्त्वे उकळत्या पाण्यात उतरतात. ते पाणी टाकणारा माणूस कस टाकतो आणि नुसता आकार खातो. यात चूक काहीच नव्हती. पत्नीने तो नियम निमूट पाळला. त्या पाण्यात पीठ भिजले, त्याचे सूप झाले, त्यात भात शिजला. बरोबरीचे लोक एकेक करून गोळ्यांच्या डब्या बाळगू लागले, तेव्हा तात्या स्वतःच्या दंडावर थाप मारून म्हणत, हे सगळं पालकाचं पाणी आहे. असा हा नियम आता कालची आलेली मुलगी सिंकमध्ये ओतत होती, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत.

कालची म्हणायचे एवढेच. तिला येऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा जहाजावर होता आणि महिनोन्‌महिने घरी नसे, त्यामुळे दोघांच्या मधे उभे राहायला कोणी नव्हते. तीही काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. तात्यांनी पत्नीसाठी केळी आणली, की सून पोटॅशियमच्या धास्तीने ती सरळ इमारतीच्या राखणदाराला नेऊन देई. तात्या संत्री आणत. तीही त्याच वाटेने जात. या भांडणात प्रकृती सुधारली ती एकट्या राखणदाराची.

“तू तिला उपाशी मारते आहेस,” एकदा जेवताना तात्या म्हणाले.

“आणि तुम्ही खाऊ घालून,” सुनेने ताटावरून नजर न उचलता उत्तर दिले.

त्यानंतर काही दिवस दोघांनी एकमेकांशी जे काही बोलायचे, ते पलंगावरच्या बाईमार्फत बोलले. ती बिचारी दोन्हीकडचे टोमणे थोडे बोथट करून पोचवी.

मग एका सकाळी तात्या आपणहून स्वयंपाकघरात आले. सुनेची ऑफिसला जायची घाई चालली होती. उकळलेली भाजी आपण निथळून ठेवू, आयुष्य वाफेत गेले आहे, हात भाजायचे नाहीत, असे ते म्हणाले. तिने क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग कदाचित भांडणाचा कंटाळा आला म्हणून, कदाचित बस चुकेल म्हणून, तिने चाळणी त्यांच्या हाती दिली आणि निघून गेली.

तात्यांनी चाळणीखाली पातेले धरले. भाजी वर राहिली, पाणी खाली आले. ते त्यांनी पुन्हा मंद आचेवर ठेवले आणि निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवले. हे काम त्यांच्या हातचे होते. पाणी उडते, सत्त्व मागे राहते. अर्ध्या वाटीत अख्ख्या जुडीचा कस येतो. वरून मिरपूड घालून त्यांनी ते बॉयलरहाउसच्या काळातल्या पोचे पडलेल्या थर्मासात भरले आणि दुपारी पत्नीपुढे धरले.

“सूप?” ती म्हणाली. “सूनबाईला चालेल का?”

“तिला कळायचं काय कारण?”

तिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि चव बराच वेळ तोंडात धरली. इतक्या दिवसांत तिच्या जिभेला चव म्हणून काही लागली नव्हती.

“अहो, तुम्ही केलंत?” तिने विचारले. “चुलीपाशी उभे राहून?”

तात्यांनी हूं केले. मग ते रोजचेच झाले. कधी पालक, कधी बटाटा, कधी गाजर. पत्नी दुपारची वाट पाहू लागली. सून संध्याकाळी येऊन भाजी बघे, ती नीट निथळलेली असे, आणि न बोलता शिजवे. घरातले बोलणे थोडे सैल झाले. तात्यांना वाटले, लढाई जिंकली. शत्रूला पत्ताच नाही, इतकेच.

तपासणीच्या दिवशी तिघेही डॉक्टरांसमोर बसले. पत्नी चाकाच्या खुर्चीत होती आणि पाय जड झाल्याची तक्रार करत होती. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल वाचला, मग पुन्हा वाचला आणि सुनेकडे पाहिले. आकडा उतरायचा सोडून चढला होता. घरात पथ्य कोण सांभाळते, पाणी खरोखर टाकता की सांगायला टाकता, असे त्यांनी विचारले. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागले.

सुनेचा चेहरा उतरला. ती सांगू लागली, की ती स्वतः चिरते, स्वतः उकळते. आणि तिथे तात्यांनी तिला अडवले. इतके दिवस दाबून ठेवलेले सगळे बाहेर आले. ही भाजीत राम ठेवत नाही, फळ घरात येऊ देत नाही, माणूस अशक्त होईल नाही तर काय होईल, शेवटी सून ती सून. तिथल्या नर्सने कान टवकारले. सून आपल्या पर्सच्या बंदाला पीळ देत राहिली.

“आजोबा,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही म्हणता ते सत्त्व तुम्हाआम्हाला चांगलं. जास्त झालं तर आपली मूत्रपिंडं बाहेर टाकतात. यांची टाकत नाहीत. आत गेलं ते आत साचतं. म्हणून ते आधीच पाण्यात उतरवून फेकायचं. हे साचत गेलं तर हृदय थांबतं, कळवायलासुद्धा वेळ मिळत नाही.”

तात्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला.

“आणि ते पाणी आटवलं तर?” त्यांनी विचारले.

“आटवलं तर पाणी उडेल, पोटॅशियम मागे राहील. पण असं कोण करेल?”

गिरणीत एकदा नवा मॅनेजर आला होता, तेव्हा त्याने असेच विचारले होते, की रोज एवढे तापलेले पाणी बॉयलरच्या तळातून सोडून का देता, वाया का घालवता. वाफ निघून जाते आणि क्षार मागे साचतात, ते सोडले नाहीत तर बॉयलर फुटतो, हे तात्यांनी त्याला सगळ्या कामगारांदेखत समजावले होते, आणि वर, हे पहिल्या वर्षात शिकवतात, असेही ऐकवले होते. तेच तात्या आता समोरच्या भिंतीवरच्या मूत्रपिंडांच्या चित्राकडे पाहत होते.

सून त्यांच्याकडे पाहत होती.

“माझंच चुकलं,” खुर्चीतून पत्नी म्हणाली. “मला तहान लागायची. दुपारी कोणी नसताना मीच उठून ते भाजीचं पाणी प्यायचे.”

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. पोटॅशियम उतरवणारे औषध लगेच दिले, संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतले, आणि घरी सोडताना सांगितले, की परवा पुन्हा रक्त बघू. तोवर पथ्यात कसूर झाली तर यंत्र टळणार नाही. पिण्याचे पाणीही मोजूनच द्यायचे.

बाहेरच्या बाकावर, पत्नीला नर्सने वजनकाट्याकडे नेलेले असताना, सून तात्यांच्या शेजारी बसली. दोघांच्या मधे एक माणूस बसेल इतकी जागा तिने ठेवली.

“आईंना पलंगावरून पाय खाली सोडायला माझा हात लागतो,” ती म्हणाली. “त्या उठून पाणी पितात म्हणे.”

तात्या चष्मा काढून पुसू लागले.

“त्या खोटं बोलल्या. मी गप्प बसले, ते त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने रजा घेतली. सकाळी तात्या स्वयंपाकघरात आले, तेव्हा पातेल्यातली भाजी उकळत होती. ते दारातच थांबले. तिने सिंकमध्ये चाळणी ठेवून पातेले कलंडवले. पाणी जाळीतून जाऊ लागले आणि थोडे तळाशी उरलेले असताना तिचा हात थांबला.

“सगळं जाऊ दे,” तात्या म्हणाले. “तळाशीही तेच असतं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि पातेले उपडे केले.

मग तिने तो पोचे पडलेला थर्मास घासूनपुसून त्यांच्यापुढे ठेवला. आईंचे दिवसाचे पाणी त्यात मोजून भरले आहे, लागेल तेव्हा मीच उघडून देईन, उरेल ते संध्याकाळी मोजणार, पलंगापाशी नेऊन ठेवा, असे तिने सांगितले. झाकणावरून दोन्ही बाजूंना उतरणारी पांढरी चिकटपट्टी होती आणि जोडावर, पट्टीपासून स्टीलपर्यंत जाणारी तिची सही.

तात्यांनी ती पट्टी बोटाने चाचपली. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला तार ओवून ते स्वतः शिशाचे सील ठोकत, आणि एखादा कामगार वाईट वाटून घेऊ लागला, की म्हणत, राग धरू नकोस, विश्वास माणसावर नाही, सीलवर ठेवायचा. घरातही हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवले होते, की पत्नी ते त्यांच्या आधी पुरे करी. सुनेनेही ते ऐकले असणारच. पट्टी नीट लावली होती. कुठे सुरकुती नव्हती.

ते थर्मास घेऊन आत गेले. पत्नीने ओठांवरून जीभ फिरवली.

“अहो, घोटभर द्या ना. उघडा की.”

तात्यांचा अंगठा पट्टीच्या टोकाशी गेला. मग ते वळले आणि थर्मास घेऊन पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तिला तहान लागली आहे. एवढं उघडून दे.”

तिने घाई केली नाही. हात धुतले, पुसले, पट्टी काढली, लहान पेला निम्मा भरला आणि झाकण पुन्हा लावले. नव्या पट्टीचे टोक सारखे निसटत होते. तात्यांनी अंगठ्याने ते झाकणावर दाबून धरले, तिची कात्री चालेपर्यंत, आणि सही करून होईपर्यंत.