दोन बोटांची जागा

"धर गो नीट. हलला तर सुरी गळ्यात जाईल त्याच्या."

"मी धरलाय. तुमीच सुरी नीट धरा आधी," ठमाबाई म्हणाली.

अंबाजी, तिचा नवरा, बंगल्याची राखण करी. बंगल्याच्या मागे त्यांची दोन खोल्यांची जागा होती, तिच्या पडवीत ही धरपकड चालली होती. कुत्र्याच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा मांसात रुतला होता. आतून घाण वास येत होता, माश्या हटत नव्हत्या. पट्ट्याला पितळेची पाटी होती, पाटीशेजारी इवलंसं कुलूप होतं, आणि कुलपाची चावी परगावी, बंगल्याच्या पारशी मालकीण माणेकबाईंच्या पर्समध्ये होती.

"कापला तर बाई काय म्हनंल?" तिने विचारलं.

"न्हाय कापला तर हा मरंल."

"मरंल तर बाईचा म्हनून मरंल. आपल्यावर बोल न्हाय येनार," ठमाबाई म्हणाली. पण कुत्र्याभोवतीचा हात तिने सैल केला नाही.

अंबाजीने सुरीचं टोक पट्ट्याखाली घातलं.

कुत्र्याच्या पट्ट्याला कुलूप घालायची ही रीत किहीम गावात नवी होती, आणि ती काळूरामच्या करामतीमुळे आली होती. काळूराम शेजारच्या बंगल्याचा माळी. तिथल्या शेटचा पांढरा कुत्रा फुरसं चावून मेला, तेव्हा नोकरीच्या भीतीने त्याने चौलहून तसंच एक पांढरं कुत्रं आणलं आणि मेलेल्याचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला. शेट दिवाळीनंतर आले. त्यांनी अंगावर हात फिरवला, पाव खायला घातला. चौथ्या दिवशी त्यांचा तो कुत्रा जिन्याखाली व्याला. काळूरामला त्याच दिवशी बिऱ्हाड हलवावं लागलं. गाव मात्र वर्षभर हसत होतं. अंबाजी हसला नाही. "बापाच्या जागी कामाला लागलेला मानूस मी," तो म्हणे. "खोटं बोलून र्‍हायचं, त्यापरीस गाव सोडावं."

त्या सगळ्या प्रकाराने माणेकबाई धास्तावल्या. उन्हाळा संपवून मुंबईला परत जाताना त्यांनी आपलं तपकिरी पिल्लू अंबाजीकडे सोडलं, ते पट्ट्याला कुलूप घालूनच. "अंबाजी, तुझ्यावर भरोसा हाय. पन आता कोनाचा काय सांगता येते?" असं म्हणून त्यांनी चावी पर्समध्ये टाकली होती.

पिल्लाचं नाव रॉबिन. ते ठमाबाईच्या तोंडात बसेना, म्हणून तो रोब्या झाला. भात आणि सुकटीवर रोब्या वाढला. पट्टा वाढला नाही. सुरुवातीला अंबाजीची दोन बोटं पट्ट्याखाली सहज जात. मग एकच जाऊ लागलं. मग नखही जाईना. पावसात रेवसहून मुंबईला जाणारी लाँच बंद होती. पोस्टातल्या मास्तरांकडून अंबाजीने बाईंना कार्ड लिहवून घेतलं, उत्तर नाही. दुसरं लिहवलं, तरी नाही. बाई त्या पावसाळ्यात पुण्याला बहिणीकडे गेल्या होत्या, हे त्याला कुठे ठाऊक! उद्या उत्तर येईल, परवा येईल, असं म्हणत तो थांबला, आणि तेवढ्यात जखमेत अळ्या पडल्या.

चामडं तुटलं तेव्हा रोब्या ओरडला नाही. त्याने मान लांब केली आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला.

जखम भरायला महिना लागला. पिसाळलेल्या कुत्र्यांची ओरड झाली की तालुक्याहून बंदूकवाला येई आणि मोकळ्या गळ्याचं कुत्रं दिसेल ते पाडी. म्हणून ठमाबाईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तिला ती पितळी पाटी शिवली आणि सैल बांधली. अंबाजीने दोन बोटं घालून पाहिली. कापलेला पट्टा त्याने कुलपासकट कोनाड्यात जपून ठेवला.

दिवाळीनंतर माणेकबाईंचा टांगा फाटकाशी थांबला.

"रॉबिन! अरे रॉबिन, कम, कम!"

रोब्या अंबाजीच्या पायाशी उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं, एकदा भुंकला आणि अंबाजीच्या मागे जाऊन बसला.

बाईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला. "पट्टा कुठे?"

अंबाजीने पट्टा आणून दिला. सगळं सांगितलं. रोब्याची मान वर करून दाखवली. पट्टा होता तिथे कडं घातल्यासारखे पांढरे केस आले होते.

"कुत्र्याच्या गळ्याला पांढरा पट्टा असतेच," बाई म्हणाल्या. "आनि पाटी काय, कोनाला पन बांधता येते. माझा रॉबिन मला बघून नाचत होता. हा तर तुला सोडत पन नाय."

"बाई, आईची आन. हा त्योच हाय."

कुलूप बाईंच्या हातात किणकिणलं. त्या आवाजासरशी रोब्या पोट जमिनीला घासत पडवीत शिरला आणि जात्याच्या मागे दडला.

माणेकबाई पायरीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे बघ अंबाजी. तुझ्या बापाने ह्या घराची नोकरी केली. मी तुला काढनार नाय. पन खरा बोल. माझा रॉबिन मेला असेल तर मेला सांग. हा तुझा कुत्रा तुला ठेव. आनि हाच रॉबिन असेल, तर आता टांग्यात घालते, मुंबईला नेते. तिथे लोखंडाचा पट्टा करून घेते, कोनाची सुरी चालनार नाय असा."

टांग्याचा घोडा पाय आपटत होता. अंबाजीने पडवीकडे पाहिलं. जात्यामागून फक्त शेपटीचं टोक दिसत होतं, तेही थरथरत होतं.

"मेला, बाई," तो म्हणाला.

"अवो!" ठमाबाई दारातून पुढे आली.

"तू गप र्‍हा गो." त्याने मान वर केली नाही. "मेला. श्रावनात. फुरसं लागलं त्याला."

बाईंनी बराच वेळ रुमाल डोळ्यांना लावला. मग पाटी सोडवून मागितली, ती आणि पट्टा पर्समध्ये ठेवला, आणि हात पुढे केला. "चाव्या दे. झाडं तू बघ. घर आता शेजारचा नवा माळी उघडेल."

बंगल्याच्या चाव्यांचा जुडगा अंबाजीच्या कमरेच्या करगोट्याला असे. त्याच्या आधी तो बापाच्या कमरेला होता. गाठ जुनी होती, लवकर सुटेना. बाईंनी घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गावातल्या भागोजीने विचारलं, "काय अंबाजीदादा, तुझा कधी व्यानार?" बाकीचे हसले. अंबाजीने घागर भरली आणि वाटेला लागला. रोब्या त्याच्या मागोमाग होता.

तिन्हीसांजेला तो नेहमीसारखा बंगल्याच्या ओटीवर चढला. दार नीट लागलंय का बघायचं, कुलूप ओढून पाहायचं, हे रोजचंच. हात कमरेला गेला, तिथेच थोडा घुटमळला आणि खाली आला. तो पायऱ्या उतरला.

खाली ठमाबाई रोब्याच्या गळ्यात लुगड्याची नवी पट्टी बांधत होती.

"पाटी न्हाय आता. कोन इचारील, कुनाचा म्हनून, तर?"

अंबाजी खाली बसला आणि पट्टीखाली दोन बोटं घालून पाहिली. बोटं सहज गेली. ती त्याने बराच वेळ बाहेर काढली नाहीत.