दौकेंचं कुलूप

आमच्या गावात हिवाळ्यात घरं गरम ठेवायचं काम कॉम्प्युटरवरची एक फाइल करते. बॉयलरमधलं पाणी किती तापवून गावभर सोडायचं, तो आकडा तिच्यात असतो. सगळे पंप तो वाचतात आणि मुकाट्याने तसं वागतात. वाचायला कुणालाही मुभा. लिहायला मात्र एका वेळी एकच जण. जो लिहायला बसेल त्याच्या नावाचं कुलूप फाइलीला लागतं आणि तो उठेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. कल्पना उत्तम आहे. फक्त उठणारा माणूस पाहिजे.

आमचे डायरेक्टर दौलेत्खान आबिशेविच, म्हणजे आदराने दौके, उठत नसत. एकदा ते सुट्टीवर असताना डेप्युटीने आकडा वाढवला, गाव उबदार झालं आणि गावच्या प्रमुखाने डेप्युटीची पाठ थोपटली. तेव्हापासून दौके सकाळी आले की आधी फाइलीला कुलूप घालत, मग टोपी काढत.

त्या रविवारी बर्फ वितळत होतं. दौकेंनी आकडा अर्ध्यावर आणला, फाइल उघडी ठेवूनच लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि काका वारल्याच्या वर्षदिनाच्या जेवणाला दूर स्टेपमधल्या, गवताळ माळावरच्या गावी निघून गेले. आमचा सर्व्हर जुन्या वळणाचा. ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं, मग तो गावी जावो की वर.

सोमवारी पारा उणे तिसाच्या खाली. उल्बोसिन पाळीवर होती. पन्नाशीची, आमच्यात सगळ्यात जुनी. तिची आई कुल्याश आजी मांडीचं हाड मोडून पाचव्या मजल्यावर पडून होती आणि पाचव्या मजल्यावर गरम पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं.

उल्बोसिनने दौकेंना फोन लावला. मी, म्हणजे कॉम्प्युटरवाला, शेजारीच होतो.

"दौके, फाइल तुमच्या नावाने अडकलीय."

"अडकली नाहीय. सुरक्षित आहे."

"इथे हाडं गोठतायत हो!"

"इथेही गोठतायत. आम्ही बोंबलतोय का?"

"तुमच्यापुढे गरम रस्सा आहे."

"उल्बोसिन, माझ्या हातात मेंढीचं डोकं आहे. कुणाला कान, कुणाला डोळा, सगळं मानाने द्यायचंय. त्यात तुझा आकडा कुठे घुसवू? उद्या येतो, स्वतःच्या हाताने करतो."

फोन बंद. बॉयलरला हाताने फिरवायची चाकं पूर्वी होती, पण आधुनिकीकरणात ती भंगारात गेली. सर्व्हर बंद करून परत चालू केला असता तर कुलूप सुटलं असतं, पण त्याला डायरेक्टरची सही लागते.

"झासुलान," ती मला म्हणाली, "काहीतरी कर की रे."

"अप्के," मी म्हटलं, आमच्यात मोठ्या बहिणीला असंच म्हणतात, "खरं सांगू? हे कुलूप म्हणजे नुसता मान आहे. नवे प्रोग्राम आधी विचारतात, कुलूप दिसलं की थांबतात. तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरातला जुना प्रोग्राम विचारतच नाही. सरळ लिहितो."

"म्हणजे कुलूप फक्त सभ्य माणसांना?"

"हो."

"आणि मी सकाळपासून कुडकुडत सभ्यपणा करतेय!"

तिने आकडा लिहिला. तासाभरात पाइप खडखडले. दुपारी आईचा फोन आला, पाय गरम झाले म्हणून.

"पण अप्के, एक लक्षात ठेवा," मी म्हटलं. "त्यांच्या लॅपटॉपात रविवारचाच आकडा उघडा आहे. त्यांनी तो जतन केला की तुमचा पुसला जाईल. आल्या आल्या सांगा."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून दारात उभी. दौके आले.

"दौके, लॅपटॉप उघडायच्या आधी..."

"अगं, मोठं माणूस प्रवासातून आलंय. आधी चहा तरी देशील?"

ती चहा ओतायला लागली. दौके कुणाच्या वाट्याला कुठलं हाड आलं ते सांगू लागले. ते बोलत असताना मध्ये तोंड घालायची आमच्यात पद्धत नाही. बोलता बोलता त्यांनी लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटरने विचारलं, जतन करू का?

"दौके, नाही म्हणा!"

दौकेंनी "हो" दाबलं. "नाही म्हणायला मी काय शिपाई आहे?"

"तो रविवारचा आकडा होता!"

"माझ्या नावाने आहे ना? मग बरोबर आहे." आणि मग त्यांना सोमवारी आकडा बदलल्याची नोंद दिसली. "माझं कुलूप असताना इथे कुणी लिहिलं?"

उल्बोसिनला त्यांनी तिथल्या तिथे घरी घालवलं. तो जुना प्रोग्राम मला त्यांच्या देखत पुसायला लावला. मी थंडीचं काढलं तर म्हणाले, "संध्याकाळी बघतो." केबिनच्या दाराला कडी लावून झोपले. प्रवासाचा शीण होता.

संध्याकाळपर्यंत पाचव्या मजल्यांवरचे रेडिएटर फुटले. कुल्याश आजीला आम्ही चौघांनी रजईत गुंडाळून खाली आणलं.

चौकशीला वरून साहेब आला. मी सगळं सांगितलं.

"रेडिएटर फुटले तेव्हा कुलूप कुणाकडे होतं?"

"दौकेंकडे."

"आणि कुलूप नसताना कुणी लिहिलं?"

"उल्बोसिनने."

"मग गोंधळ तिथूनच सुरू झाला."

तिची नोकरी गेली. आजी न्यूमोनियातून उठलीच नाही.

आजीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला दौके आले. जमलेल्यांत वयाने तेच मोठे, तेव्हा दुआ त्यांनीच म्हणायची. सगळ्यांनी हात पसरले; दुआ संपेपर्यंत जेवणाला कुणी हात लावायचा नसतो. दौके कुल्याश आजीबद्दल बोलले, मग गावाबद्दल, मग यंदाच्या कडक हिवाळ्याबद्दल. उल्बोसिन माझ्या समोर बसली होती, हात पसरून. ताटांतलं मांस निवत चाललं होतं. दौके अजून बोलत होते.