मी मागून बसते

शिळं खायचं नाही, हा आमच्या घरात माझा कायदा होता. कायदाच म्हणायचा, कारण कुणी मोडला की मी ताट सरकवून उठायचो. माझी आई चार घरची भांडी घासायची आणि त्या घरांतलं उरलंसुरलं डब्यात घालून आणायची. त्यावर मी वाढलो. कधी आंबलेलं असायचं, कधी कुणीतरी अर्धवट खाऊन टाकलेलं. कारखान्यात लेथवर लागलो, पहिला पगार हातात पडला आणि ठरवून टाकलं, यापुढे माझ्या ताटात येईल ते वाफ निघणारंच. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोलाही तसं बजावलं. तिने पंचवीस वर्षं दोन्ही वेळा ताजं रांधलं, आधी मला वाढलं, मग पोरींना. कधी चुकून मी म्हटलंच, "तूही बस," तर म्हणायची, "बसा तुम्ही, मी मागून बसते." उरलेलं कुठे जातं, हे मी कधी विचारलं नाही. जात असेल कुठेतरी.

हिचा डावा कान लहानपणीच गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. गेल्या वर्षी तोही वाहायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आतलं हाड पोखरलं जातंय, सहा महिन्यांत ऑपरेशन करून घ्या, नाहीतर हाही कान हातचा जाईल. खर्च ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात ओव्हरटाइम नुकताच बंद झालेला. घरी आलो आणि हिच्यावरच खेकसलो, आधी का बोलली नाहीस म्हणून. माझं हे असंच आहे. काळजी वाटली की आवाज चढतो.

थोरली औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते. ती आपल्या पगाराचा हिशोब बोटांवर करत बसली. धाकटी कॉलेजात जाते आणि घरात मला उलटून बोलणारी ती एकटीच. ती म्हणाली, "बाबा, रोज दोनदा शिजवणं बंद करू या. सकाळचं संध्याकाळी, संध्याकाळचं दुसऱ्या दिवशी. गॅस वाचेल, सामानही निम्म्यावर येईल. कायदा तुमचा आहे, तेव्हा मोडायचा पण तुम्हीच."

हिच्या कानाचा प्रश्न होता. मी हो म्हणालो.

पहिले आठ दिवस घास घशाखाली उतरेना. गार भात बघितला की आईचा तो डबा डोळ्यांपुढे यायचा. मी बोलत नव्हतो काही, पण चेहरा लपत नाही ना माणसाचा. मग एका रविवारी मीच ओट्याशी गेलो. कांदा चांगला लाल होईपर्यंत परतला, त्यावर कालचा भात घालून डावाने दाबला आणि खालून करपतोय की काय असं वाटेपर्यंत हलवला नाही. तळाला खरपूस पापुद्रा धरला. पोरी तुटून पडल्या. मग मला नादच लागला. उरलेल्या डाळीत पीठ कालवून तव्यावर टाक, कालच्या भाजीत अंडं फोड, कडक पाव रश्श्यात बुडव. खरं सांगतो, मजा यायला लागली. आईचा डबा आठवायचा बंद झाला. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की डबा उघडून मी सोबत्यांना सांगायचो, "कालचं आहे, हात लावू नका, तुमच्या नशिबात नाही ते."

घरी तर चढाओढ लागायची. धाकटी पातेल्यात पाव फिरवून तळ असा पुसायची की मी म्हणायचो, आता हे घासायचंही कारण नाही. ही हसायची. आम्हाला असं एकत्र हसत जेवताना बघून तिचा चेहरा फुलायचा, ते मी पाहिलंय. आमच्यात आता कणभर वाया जात नाही, असं मी छाती काढून सगळ्यांना सांगत होतो. पाचव्या महिन्यात ऑपरेशनपुरते पैसे जमले.

तारीख घ्यायला आम्ही दोघं गेलो. रक्त तपासलं, वजन केलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, जुनी फाइल काढली आणि मला विचारलं, "ह्या जेवतात ना नीट?"

"आम्ही चौघंही एकच खातो," मी म्हणालो. तेही ऐटीत.

"पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलंय. अंगात रक्त नाही. या अवस्थेत मी यांना भूल देणार नाही. दोन महिने औषधं घ्या, पोटभर खाऊ घाला, मग बघू."

"आणि कान?"

"तोवर टिकला पाहिजे," त्या म्हणाल्या.

लेथवर कातलेल्या लोखंडातला केसाएवढा फरक मी नुसतं बोट फिरवून सांगतो. घरात बायको नऊ किलो झिजली ते मला दिसलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकलेल्या. ती मला म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता? होतं वयाने."

घरी आल्यावर तिला खुर्चीवर बसवलं. पोरी आल्या नव्हत्या अजून. "काल काय जेवलीस?" मी विचारलं.

"जेवले की."

"काय ते सांग."

"चहा न् पाव."

"आणि परवा?"

ती चहा ठेवायला उठू लागली. मी परत विचारलं, या वेळी आवाज चढवून, तेव्हा म्हणाली, "उरायचं ते माझंच असायचं ना. दुपारी आदल्या रात्रीचं, रात्री तुमच्या मागे राहिलेलं. आता उरतच नाही."

"अगं, मग दोन मुठी जास्त टाकायच्या होत्यास."

"मग वाचवलं काय आपण?" ती म्हणाली. "आणि तुम्ही इतक्या आवडीने खात होतात. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं नाहीत. पोरी हसत होत्या. त्यात मी कुठे मोडता घालू?"

पाच महिने ज्या कानासाठी पैसे साठवले, त्या कानवालीच्या तोंडचा घास आम्ही तिघांनी मिळून काढून घेतला होता. मला रडू आलं. हळू आवाजात म्हणालो, "चुकलं माझं." तिने मान तिरकी केली. "काय म्हणालात?" मग मला ते ओरडून म्हणावं लागलं. "चुकलं माझं. पंचवीस वर्षं चुकलं." शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. करू दे. तिच्यावर इतकी वर्षं ओरडलो, तेही त्यांनी ऐकलंच होतं.

संध्याकाळी मी ताजा भात केला, डाळ केली, अंडी उकडली. हिला सगळ्यांत आधी बसवलं. तिला जेवता येईना. सारखी उठायची, मीठ आणते, पाणी आणते. थोरलीने खांद्याला धरून खाली बसवलं. चार घास खाऊन ही म्हणाली, "पुरे." तिचं "पुरे" मी आयुष्यभर खरं मानत आलो होतो. या वेळी वाढतच राहिलो, आणि ती खातच राहिली. किती भुकेली होती ते आम्हा तिघांना तिथे बसून बघावं लागलं. मग पोरींना वाढलं.

सगळ्यांचं आटपल्यावर मी ओट्याशी आलो. माझं शिजवायचं माप चुकलं होतं. पातेल्यात डावभर भात होता आणि डाळीचा नुसता तळ. तेवढं उभ्यानेच खाल्लं. पोट भरलं नाही. बाहेर ही धाकटीला विचारत होती, "बाबा जेवले का गं?" मोबाइलमधून मान वर न करता, आईला ऐकू जावं म्हणून धाकटी मोठ्याने म्हणाली, "हो."