अर्धा किलो जास्त सांगणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे आणि मी खोटं सांगतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे ते या एका खोडीवरच उभं आहे. माझं वरचं कडं हातात धरायचं, खालच्या आकड्याला वजन टांगायचं, पोटातली स्प्रिंग ताणली की छातीवरच्या पट्टीवर खूण खाली सरकते. एवढंच माझं काम.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी स्प्रिंग ताठ होती आणि सांगेन ते वजन खरं असायचं. पेणच्या बाजारातल्या एका दुकानातून धोंडुबाईने मला घरी आणलं. तिचा नवरा शिवा खाडीकाठच्या मिठागरावर राबायचा. ती टोपलीत सुका जवळा, सुकट आणि वाल घेऊन पेणला बसायची, आठवड्यातून एकदा रोह्यालाही जायची. बायका दुसऱ्या टोपल्या ओलांडून तिच्याकडे यायच्या, म्हणायच्या की हिचा काटा बघा, कसा सरळ आहे. मी फुशारून जायचो.

तिची एक रीत होती. वजन जास्त झालं की ती विचार करत बसायची नाही. पिशवीत जे शेवटी पडलं असेल ते आधी बाहेर काढायची. शेवटची मूठ उचलली की खूण जागेवर यायची आणि पुढचं गिऱ्हाईक पुढे सरकायचं. वर्षानुवर्षं हजारो वेळा तिने तसं केलं असेल. तिच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

सुक्या मासळीचं मीठ आणि खाडीचं वारं मला हळूहळू खात गेलं. स्प्रिंग सैल पडली आणि मी सात किलोंना साडेसात म्हणायला लागलो. धोंडुबाईला ते लगेच कळलं. मला टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून वजन झालं की ती वरून एक मोठी मूठ टाकू लागली. लोकांना वाटायचं, बाई सढळ हाताची. खरं काय ते फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि शिवाला.

मिठागर बंद पडलं. मुलगा निकेश डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला लागला, आणि आईचं बाजाराला बसणं त्याने थांबवलं. मी ओटीवरच्या खुंटीला गेलो. तिथून मी घरातलं सगळं बघायचो.

दोन वर्षांपूर्वी निकेशने आईबापांना काशी-प्रयाग-गयेच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. सहलवाल्यांचा माणूस काशीला भेटणार होता. तिथपर्यंत पोचणं ज्याचं त्याने बघायचं. मित्रांनो, त्या पोराने महिनाभर दुसरं काही केलं नाही. शिफ्ट करून यायचा, जेवायचा आणि वही घेऊन बसायचा. रेल्वेने एक पूर्ण दिवस आणि वर काही तास, आईचे गुडघे तेवढा वेळ दुमडून राहणार नाहीत. थेट विमान होतं, पण ते एक दिवस उशिराचं, तोवर सहल काशीहून पुढे निघून गेली असती. शेवटी त्याने मध्ये उतरून विमान बदलायचं ठरवलं. मध्ये चार तासांचा थांबा, संध्याकाळी सहाला काशी, सातला जेवण. वहीत त्याने आईच्या चहाची वेळसुद्धा लिहिली होती.

निघायच्या दिवशी सकाळी मला खुंटीवरून काढलं. किती दिवसांनी हातात आलो होतो! मोठी बॅग पंधराच्या आत बसली. मग हातातली पिशवी टांगली. तिला सात किलोंची मर्यादा होती. मी म्हटलं, साडेसात.

निकेश म्हणाला, "सात म्हंजे सात, आई. तिथं कोन ऐकायचा नाय."

इतक्या वर्षांनी माझी खोड तिच्या ध्यानातच राहिली नव्हती; धोंडुबाईचा हात सवयीने पिशवीत गेला आणि शेवटी ठेवलेलं पुडकं घेऊन बाहेर आला. त्यात तिच्या हृदयाच्या गोळ्या होत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. सकाळची गोळी नुकतीच घेऊन तिने ते वरच ठेवलं होतं. पुडकं मोठ्या बॅगेत गेलं. रात्रीची गोळी काशीला पोचल्यावरच घ्यायची होती, त्यामुळे त्यात काही वावगं कुणालाच दिसलं नाही. पुडकं काढूनही मी सातच्या वरच होतो, पण निघायची वेळ झाली होती, म्हणून तेवढं चालेल म्हणत निकेशने पिशवीची चेन ओढली. शिवा दारात उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, मग त्याने मान फिरवून अंगणात बघितलं.

पुढचं मी ऐकीव सांगतो, कारण मी घरीच होतो. मधल्या विमानतळावर धुकं उतरलं. चार तासांचे आठ झाले, मग रात्र गेली आणि सकाळही गेली. मोठी बॅग पुढच्या विमानासाठी आत कुठेतरी पडून होती. दोघांना हिंदी जेमतेम येत होती. गोळ्या हव्यात, हे कुणाला आणि कसं सांगायचं या संकोचात ती दोघं खुर्च्यांवर बसून राहिली. निकेशचा फोन आला की ती म्हणायची, सगळं बरं हाय. दुपारी ती बसल्या जागी कलंडली. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता.

तेव्हापासून मित्रांनो, माझ्या आकड्याला काही टांगलेलं नसतं, तरी मला ती पिशवी जाणवते. भर दुपारी, वारा नसताना आकडा हलतो. मला कोणी धरलंय असं वाटतं, आणि तो हात मी ओळखतो, कारण त्याला जवळ्याचा वास आहे. शिवा आतून येतो, आकडा मुठीत घट्ट धरतो आणि थांबला की सोडतो. त्यालाही तो वास येत असावा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो.

निकेश ओटीवर येईनासा झाला. मागच्या दाराने कामावर जायचा आणि मागच्याच दाराने यायचा. रोह्याला दिलेली त्याची बहीण मृणाली आली की तिच्यापाशी मात्र एकच गोष्ट उगाळायचा. तो थांबा आपण घेतला, सात सात आपण करत बसलो, आईला आपणच मारलं. ती बोलणी शिवाला ओटीवर ऐकू यायची. तो विडी विझवायचा आणि अंगणात बघत बसायचा. मला ओरडावंसं वाटायचं.

यंदा गणपती गेल्यावर मृणालीने विषय काढला. आईचं गयेला पिंडदान झालं नाही, ते व्हायला हवं. सहल तीच होती. या वेळी रेल्वेने जायचं, प्रयागला एक दिवस मुक्काम करायचा आणि सहलीच्या आदल्या दिवशीच काशीला पोचायचं, असं तिने ठरवलं. पिंड द्यायला मुलगा हवा होता. निकेश म्हणाला, कुठल्या तोंडाने देऊ? तिने परोपरीने समजावलं, रडली, पण तो हलला नाही. दोन दिवसांत नावं कळवायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकेश कामावरून आला तेव्हा शिवाने त्याला पुढच्या दाराने बोलावलं. ओटीवर मिठाच्या बंद पिशव्या मांडल्या होत्या, किलोकिलोच्या सात. शिवाने त्या एका थैलीत भरल्या, मला खाली काढलं आणि थैली टांगली.

"काय दावतो, वाच."

निकेशने वाचलं, साडेसात. पिशव्यांवर छापलेलं वजन बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"लय वर्सं जास्त दावतो तो," शिवा म्हणाला. "मला ठाव होतं. त्या दिवशी पन ठाव होतं. पिशवी सातच्या आतच होती. तू वही घेऊन एवढा बोलत व्हतास, म्हटलं आपन अडानी, कशाला मदी पडू."

निकेशने माझ्या पट्टीवरची खूण बोटाने चाचपली. मृणाली दारात उभी होती.

"दोन वर्सं," तो म्हणाला. "दोन वर्सं तुमी मला बघत होतात, बाबा."

शिवाने थैली खाली टेकवली. निकेशने थैलीतल्या पिशव्या एकेक करून बाहेर काढून ठेवल्या आणि तो आत निघून गेला. संध्याकाळी त्याने मृणालीला विचारलं की गाडी कितीची आहे. बापाला त्याने विचारलं नाही.

परवा तिघंही गेली. कुणी काही वजन केलं नाही. शिवाच्या रक्तदाबाच्या गोळ्या निकेशने स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि खिशाचं बटण लावलं, पण बापाशी तो निघेपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. गयेला दोघं शेजारी बसतील तेव्हा बोलतील की नाही, मी सांगू शकत नाही. घरात आता कोणी नाही आणि आकडा अजून हलतो.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरात असेल तर ते तपासून घ्या. गंजलं असेल तर बदला, त्यात कमीपणा नाही. आणि ते चुकीचं सांगतंय हे तुम्हाला कळलं, तर समोर कितीही शहाणा माणूस असो, त्याच क्षणी सांगा. मला तोंड नव्हतं. शिवाला होतं. तुम्हालाही आहे.