दोन-तीन म्हणजे किती

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मी चुणचुण्याचा तक्ता उघडला आणि ओरडले. ओरडले म्हणजे अशी, की दाढी करत असलेला नवरा गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला, कुठे आग लागलेली नाही याची खात्री करून घेतली आणि परत आत गेला.

वेगापुढे एकच तारा होता. महिन्यापूर्वी तिथे पाच होते.

सोपं करून सांगते. हातात मावणाऱ्या, बटणांच्या यंत्रावर मी एक गेम खेळते. त्यात प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं. चुणचुण्या हा माझा मुंगसासारखा प्राणी, शेपटीतून ठिणग्या काढणारा. त्याचा वेग वाढवायचा तर त्याला चपळ चिमण्यांशी लढवावं लागतं. एक चिमणी हरवली की वेगाचे दोन गुण मिळतात. दोनशे चाळीस झाले की वेग पूर्ण, म्हणजे एकशे वीस लढती. त्यापुढे एक जरी लढत झाली तरी तो थकतो आणि दहा गुण जातात. आणि खरी मेख अशी की हे गुण कुठेही दिसत नाहीत. दिसतात फक्त तारे. पहिला शून्यालाही असतो आणि पाचवा दोनशेलाच लागतो. पुढचा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा.

तो मी ठेवला होता. एकशे वीस लढती मोजून करून चुणचुण्याला महिनाभर विश्रांतीला कुरणात सोडलं होतं, आणि आता या शनिवारी संध्याकाळी पाचला माझी मॅच होती. शहराच्या संघात आठ जण घेतात. गेली तीन वर्षं मी नववी, दहावी आणि पुन्हा नववी आले. यंदा सात नावं पक्की झालेली, आठव्या जागेसाठी मी आणि एक औषधवाला. आणि ही स्पर्धा यंदा शेवटची, पुढच्या वर्षी ती बंदच होणार. मला ती आठवी जागा हवी होती. इतकी हवी होती की आठवडाभर मला नीट जेवण गेलं नव्हतं.

"आई," मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "चुणचुण्याला कोणी हात लावला?"

"हात कशाला लावू? खायला घातलं," सासूबाई म्हणाल्या. "रोज एक जांभळं फळ. खाल्लं की कशी गिरकी घेतो, डोक्यावर बदाम येतात. तू त्याला नुसता पळवतेस. वाळून काडी झाला होता."

जांभळं फळ खाल्लं की प्राण्याचा जीव जडतो, हे खरं. पण प्रत्येक फळामागे वेगाचे दहा गुण पुसले जातात. रोज एक, महिनाभर. चुणचुण्याचा वेग शून्यावर आला होता आणि तो माझ्याकडे बघून प्रेमाने शेपटी हलवत होता.

माझा राग नाकावर असतो, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, सासरच्यांना नंतर कळलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईंनी सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "आता किती लढती लागतील?"

"एकशे वीस. चार वाजता प्राणी जमा करायचे आहेत आणि मला लॅबमध्ये जायचंय."

"एका लढतीला किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"चार तास झाले. ये तू जाऊन. मला बटणं दाखव."

आई एकतीस वर्षं बसमध्ये वाहक होत्या. भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत जाऊन परत येईपर्यंत किती डोकी चढली, किती उतरली आणि कोण तिकीट न काढता खिडकीबाहेर बघतंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं. त्यांनी कपाटातून तिकिटं पंच करायचा जुना चिमटा काढला आणि एक कोरं कार्ड घेतलं. एक लढत, एक भोक. मी त्यांना चिमण्यांची झाडी दाखवली, दुसरं काही समोर आलं तर 'पळा' दाबायचं हे सांगितलं आणि दुसरा बूट जिन्यात घातला.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. त्या दिवशी एका मुख्याध्यापकांची कवळी दोनपर्यंत द्यायची होती, कारण सोमवारी त्यांची शाळा सुरू होत होती. मी तिच्या कडा घासत होते, पण कान फोनकडे. पावणेअकराला फोन वाजला. "साठ," आई म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्या अंगावर काटा आला. साठ म्हणजे मिनिटाचीही गफलत नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा फोन. "सत्त्याहत्तर. अगं, हा चांगलाच तडफदार आहे. एका फटक्यात चिमणी आडवी." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी पॉलिशचं चाक थांबवून हसले. सकाळचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

सव्वाबाराला तिसरा फोन आला. या वेळी आकडा आला नाही.

"जरा घोळ झालाय," आई म्हणाल्या. "पाण्याचा मीटर बघायला माणूस आला म्हणून मी दाराशी गेले. तेवढ्यात तुझा नवरा घरी आला, पान्हा विसरला होता म्हणून. यंत्र तसंच चालू होतं. म्हणतो, आईला मदत करावी म्हणून मी लढलो."

"किती?"

"दोन-तीन म्हणतो."

मी म्हटलं, त्याला फोन द्या.

"नीट आठव," मी नवऱ्याला म्हणाले. "दोन की तीन?"

"अगं, दोन-तीन."

"म्हणजे किती?"

"म्हणजे दोन असतील. किंवा तीन. एवढं काय त्यात?"

तो समोर नव्हता हे बरं झालं, कारण माझ्या हातात ग्राइंडर होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस हा. वीस मजल्यांची लिफ्ट दोन-तीन स्क्रूंवर लटकवतो का, असं विचारल्यावर म्हणाला, "ते वेगळं," आणि पान्हा घेऊन निघून गेला.

फोन परत आईंकडे आला.

"दोनच धरा," मी म्हणाले. "चौदा वर्षं बघतेय मी. दोन-तीन मित्र जेवायला येणार म्हणतो आणि दोनच येतात. ह्याला वाढवून सांगायची सवय आहे."

"तीन," आई म्हणाल्या. "गुन्हा कबूल करताना हा आधी कमी सांगतो, मग खरं. दोन-तीन बिस्किटं खाल्ली. दोन-तीन काचा फुटल्या. दोन-तीन विषय राहिले. दर वेळी तीनच निघाले."

"ते लहानपणी. आता तो त्रेचाळीस वर्षांचा आहे."

"मदत केली असं सांगताना तो सहाच वर्षांचा असतो," आई म्हणाल्या. "तीन धरून पुढे जाते. पटलं नाही तर शेवटची एक तू लढ."

कवळी वेळेत झाली. मुख्याध्यापकांनी ती लावून आरशात शिक्षा सुनावताना करतात तसा चेहरा करून पाहिला आणि खूश होऊन गेले. मी धावतच घर गाठलं. आई साडी बदलून, यंत्र आणि कार्ड पर्समध्ये घालून दारातच उभ्या होत्या. "मीही येते," म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

स्पर्धा एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबलं, भिंतीवर मोठा पडदा, आणि शंभरेक माणसं एकाच वेळी बोलत होती. चाराला दहा कमी होते. मी कोपऱ्यात उभी राहून कार्ड काढलं. दहा-दहा भोकांच्या सरळ ओळी. एकशे सतरा. आईंचं म्हणणं खरं असेल तर तीन धरून एकशे वीस, आणि काही करायचं नाही. माझं खरं असेल तर एक कमी होती. औषधवाल्याच्या बगळ्याचा वेग पूर्ण वाढवलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा पूर्ण वाढलेला चुणचुण्या त्याच्यापेक्षा फक्त एका गुणाने पुढे. एक लढत कमी असो की जास्त, बगळा आधी उडणार आणि मी पुन्हा नववी.

मी झाडीत शिरले. चिमणी समोर आली. माझा अंगठा बटणावर होता.

"लढ हवं तर," आई हळूच म्हणाल्या. "तुझा प्राणी, तुझी मॅच. मी मनाला लावून घेणार नाही."

चौदा वर्षांत त्यांनी माघार घेतलेली मी पाहिली नव्हती. आणि तेव्हा मला जे वाटलं ते सरळ सांगते. मी त्या माणसाला नवरा म्हणून ओळखते. मित्र जेवायला बोलावणारा, बढाया मारणारा. पण दुसऱ्याच्या कामात लुडबुड करून मग चाचरत सांगणारा पोरगा मी कधी पाहिलेलाच नाही. तो आईंनी पाहिलाय, वर्षानुवर्षं. त्या बाबतीत मला काय कळतंय?

मी 'पळा' दाबलं आणि प्राणी जमा केले.

मॅच मी नीट सांगू शकत नाही, कारण अर्धी मला आठवतच नाही. प्रत्येकी तीन प्राणी. औषधवाला बारीक चणीचा, अतिशय सभ्य माणूस, प्रत्येक चाल वहीत लिहून मग बटण दाबायचा. माझा पहिला गेला, त्याचा पहिला गेला. माझा दुसरा गेला तेव्हा मागून कोणीतरी च्च केलं. मग त्याचाही दुसरा पडला आणि पडद्यावर बगळा उतरला, समोर चुणचुण्या. सगळा हॉल पडद्याकडे वळला, कारण सगळ्यांना कळत होतं. बगळ्याच्या एका झडपेत चुणचुण्या आडवा होणार होता आणि चुणचुण्याच्या एका ठिणगीत बगळा. जो आधी हलेल तो संघात.

आम्ही दोघांनी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला. माझ्या दंडात आईंची बोटं रुतली होती.

चुणचुण्याची शेपटी हलली.

आधी हलली. बगळ्याने अजून पंखही उघडले नव्हते. ठिणगी सुटली, पडदा पिवळाधमक झाला आणि बगळा खाली गेला. मी खुर्चीवरून उठले की उडाले ते मला माहीत नाही. आईंनी "तीनच! तीनच!" असं म्हणत मला मिठी मारली आणि मी भर हॉलमध्ये हमसून हमसून रडले, आनंदाने, पोट दुखेपर्यंत. औषधवाल्याने उठून हात मिळवला. "पूर्ण दोनशे चाळीस," तो म्हणाला. "एकही कमी-जास्त नाही. कसं मोजलंत हो?"

"मी नाही मोजलं," मी म्हणाले आणि आईंकडे बोट दाखवलं. त्याने वाकून नमस्कार केला. आई लाजल्या. हेही मी पहिल्यांदाच पाहत होते.

नोंदणीच्या टेबलावरच्या बाईने संघाचा फॉर्म पुढे सरकवला. माझं नाव आठव्या ओळीत लिहिताना अक्षर वाकडं आलं, येऊ दे. खाली आणखी एक रकाना होता. प्रत्येक खेळाडूबरोबर सराव घेणारी एक व्यक्ती अंतिम फेरीला शेजारी बसू शकते, तिचं नाव आणि व्यवसाय लिहायचा. मी विचार न करता आईंचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, निवृत्त वाहक.

आईंनी चष्मा लावला. फॉर्म हातात घेऊन दोनदा वाचला. मग टेबलावर ठेवला आणि 'निवृत्त' या शब्दावर बोट टेकवलं.

"एवढं खोड," त्या म्हणाल्या.

मी खोडलं.